काकूंच्या कमरेइतके घोडे

एकलहरे रोडच्या बाजारात सकाळी एक गृहस्थ भाजी घ्यायला यायचे. त्यांच्या एका हातात मेथी, बटाटे आणि अर्धा भोपळा भरलेली जड पिशवी असायची आणि दुसऱ्या हातात घोड्याचा दोर. घोडा रिकामा चालायचा. पाठीवर खोगीर नाही, पोतं नाही, साधी गोणपाटाची घडीसुद्धा नाही. उंचीला तो एवढासा, की भाजीच्या हातगाडीआड उभा राहिला तर फक्त कान दिसायचे.

भाजीवाली मावशी रोज विचारायची, "अहो काका, पिशवी टाका ना त्याच्या पाठीवर. घोडाच हाय ना तो?"

"का? मी दमलोय असं दिसतंय का?"

"मग त्याला आणता कशाला?"

"मी कुठं आणतो? तो मला आणतो. एकटा मी आलोच नसतो."

हे माझे घरमालक. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई-बाबा दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांमध्ये छाटणीला, विरळणीला जातात. बाबा मला सोडायला आले तेव्हा अंगणात चार घोडे एका ओळीत उभे होते. बाबांनी जनावरं पुष्कळ बघितली होती, तरी ते हळूच म्हणाले, "आई कुठं हाय ह्या शिंगरांची?"

"ही शिंगरं नाहीत. हीच आई आहे, आणि तो तिकडचा म्हातारा आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कशात ग्रॅज्युएट होणार?"

"फिजिक्स घ्यायचंय."

"बरं. ये ग्रॅज्युएट, खोली बघ."

तेव्हा माझा प्रवेशाचा कागदही पुरता हाती आला नव्हता. मी लाजून म्हटलं, "काका, अजून तीन वर्षं आहेत." ते म्हणाले, "असू दे. आत्तापासून सवय लाव. नाव उशिरा मिळालं की माणसाला अंगावर नवीन कपडा चढवल्यासारखं अवघडतं." तेव्हापासून त्या घरात माझं दुसरं नावच राहिलं नाही. काकू तर मला दळण आणायला पाठवतानाही "ग्रॅज्युएट, डबा घे गं" म्हणायच्या, आणि गिरणीवाला वर बघायचा.

काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर नळ्या, व्हॉल्व्ह आणि दाबाचे काटे यांत गेलेला माणूस. त्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे. पोळी जाड झाली तर ते 'जाड झाली' म्हणत नसत, दोन बोटांत धरून 'आज अर्धा मिलिमीटर जास्त आहे' म्हणत. काकू म्हणायच्या, "मग अर्धा मिलिमीटर ताटात ठेवा अन् बाकीची खा."

घोड्यांची नावं लवंग, वेलची, जायफळ आणि दालचिनी. लहान जिनसांची नावं लहान जनावरांना, एवढाच त्यामागचा विचार. चौघांना रोज सकाळी खरारा व्हायचा, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी मिळायची, आणि त्यानंतर काका अंगणात बादली उपडी घालून त्यावर बसायचे. बसले की त्यांचे डोळे आणि घोड्यांचे डोळे एका पातळीत यायचे. मग ते बोलायचे. पाण्याचा टँकर कधी येणार, पेन्शनच्या कागदाचं काय झालं, शेजाऱ्याने भिंत कशी वाकडी बांधली. जायफळ मधूनमधून जांभया द्यायचा, पण लक्ष देऊन ऐकायचा. दालचिनी मध्येच उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखी निघून जायची.

वाढदिवसासाठी घोडा भाड्याने मिळेल का, असं विचारायला लोक येत. दिंडोरीकडच्या एका मोठ्या बागेचे मालकही आले होते. पर्यटकांच्या मुलांना फेऱ्या मारायला त्यांना असेच घोडे हवे होते. काका त्यांना चहा पाजून म्हणाले, "पाठीवर बसायचं नाही. शेजारी चालायचं असेल तर मुलांना इथं पाठवा." ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "काका, मग घोड्याचा उपयोग काय?" काकांनी त्यांना विचारलं, "तुमच्या मित्रांचा काय उपयोग करता तुम्ही?"

या सगळ्याचं मूळ होतं हरणी. काकांचे वडील नाशिकरोड स्टेशनवर टांगा चालवायचे आणि त्यांच्या टांग्याला हरणी नावाचं तट्टू होतं. इतर टांग्यांचे घोडे तिच्यापेक्षा वीतभर तरी उंच. बाहेरगावचे प्रवासी सामान घेऊन जवळ यायचे, तिला बघायचे आणि विचारायचे, "ही ओढणार, की आम्ही ढकलायचं?" वडील म्हणायचे, "बसा. ती ओढते. फक्त तिच्यादेखत असं बोलू नका." हरणीची एकच खोड होती. वडील जिथे जिथे चहा प्यायचे ते प्रत्येक हॉटेल तिला पाठ होतं आणि प्रवासी घाईत असला तरी ती तिथे थांबायचीच. काका सांगायचे, "निम्म्या नाशिकची गाडी आमच्या हरणीने चुकवलीय."

लहानपणी शाळेतून आलं की काका तिच्या मानेखाली उभे राहून भाकरी खायचे. हात वर न करता तिच्या गळ्यात घालता यायचा. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले. हरणी मात्र कुणाला दिली नाही. ती त्यांच्या दारातच म्हातारी झाली आणि गेली. ती गेली तेव्हा काका तिच्यापेक्षा उंच झाले होते, आणि याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. "त्यानंतर मी मोठे घोडे पाहिले ना ग्रॅज्युएट, तर ते मला साहेबांसारखे वाटायचे. चांगले असतील. पण वरून बघतात." म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगावचे बाजार फिरून चार ठेंगणी जनावरं गोळा केली.

माझ्यावर त्या जनावरांचे उपकार आहेत, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पहिल्याच सत्रात मला वर्गापुढे उभं राहून इंग्रजीतून विषय मांडायचा होता. आरशासमोरसुद्धा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. काकांनी मला अंगणात बोलावलं, चौघांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "सांग यांना."

"यांना काय कळणार, काका?"

"काहीच नाही. म्हणून तर. ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासमोर न अडखळता बोलता आलं, की कळणाऱ्यांची भीती वाटत नाही. एक जरी घोडा निघून गेला तरी पहिल्यापासून."

दालचिनीमुळे मला ते व्याख्यान सतरा वेळा पहिल्यापासून द्यावं लागलं. पण वर्गात मी उभी राहिले, मागच्या बाकावरच्या एका मुलाने जायफळसारखी जांभई दिली, आणि मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. मी शेवटपर्यंत बोलले. आज मी स्वतः मुलांना शिकवते ती त्या अंगणातल्या तालमीवर.

आता मोहरीचं, म्हणजे पुढे आलेल्या पाचव्या घोडीचं सांगते. त्याआधी काकूंची अट सांगायला हवी.

काकू निफाडकडच्या. लहानपणी गावातल्या एका लग्नात वरातीचा घोडा फटाक्यांनी उधळला आणि त्यांच्या डाव्या पायावरून गेला. अंगठा आजही वाकडा आहे. तेव्हापासून मोठा घोडा दिसला की त्या रस्ता बदलायच्या. काकांनी घोडे पाळायचं काढलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "माझ्या कमरेच्या वर गेलेलं एकबी जनावर ह्या अंगणात राहणार नाय." काकांनी शब्द दिला. आणि शब्द दिला म्हटल्यावर मोजमाप आलंच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्याकडे ही मोजणी व्हायची. काकू अंगणात एका ठरलेल्या जागी उभ्या राहायच्या. काठीभर अंतरावर घोडा. घोड्याच्या मानेमागे खांद्याचा जो उंचवटा असतो त्यावर काका एक सरळ काठी आडवी धरायचे, तिचं दुसरं टोक काकूंपर्यंत जायचं. काठीवर गवंड्याकडे असते ती लेव्हलची बाटली. बाटलीतला बुडबुडा मध्ये आला की काठीचं टोक काकूंना कुठे टेकतं ते बघायचं. कमरेला किंवा खाली टेकलं की घोडा पास. बुडबुडा बघायचं काम माझ्याकडे, कारण मी फिजिक्सची.

"ग्रॅज्युएट, बुडबुडा?"

"मध्ये आहे, काका."

"लवंग पास. पुढचा!"

चारही घोडे पूर्ण वाढलेले होते, त्यामुळे ते कधी नापास होण्याचा प्रश्नच नव्हता. पण काका दर महिन्याला त्यांना तितक्याच गांभीर्याने मोजायचे आणि काकूही स्वयंपाक टाकून येऊन उभ्या राहायच्या.

मी पहिल्या वर्षाला असताना काका सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक पाचवं जनावर घेऊन आले. मातकट रंगाची, हाडं दिसणारी, डोळ्यांत माती गेलेली घोडी. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, की ती दीड वर्षाची आहे आणि याहून बोटभरही वाढणार नाही. चौघांपेक्षा लहान, म्हणून काकांनी तिचं नाव मोहरी ठेवलं. पहिल्या मोजणीत काठी काकूंच्या कमरेच्या खाली टेकली. काकांचा चेहरा असा फुलला, जणू उंची कमी ठेवण्याचं श्रेय त्यांचंच होतं.

दहा-बारा दिवसांनी नालबंद चाचा आले. जुन्या नाशकातून ते दर दीड महिन्याला खूर कापायला यायचे. त्यांनी मोहरीचं तोंड उघडून दात पाहिले, मग पाय पाहिले आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"काका, ये बच्ची है. दूध आत्ता सुटलंय हिचं."

"दीड वर्षाची आहे चाचा. चेहरा बघा किती समजूतदार."

"चेहरा नका बघू. गुडघे बघा. इतने लंबे पैर छोट्या घोड्याला कशाला देईल अल्ला?"

काकांनी ऐकलं नाही. जन्मभर मोजूनच बोलणारा माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी विकणाऱ्याचा शब्द धरला. आवडलेल्या गोष्टीचं माप घ्यायला त्यांचा हात धजत नव्हता, असं मला आता वाटतं.

मोहरीला खायला मिळालं आणि ती वाढली. दुसऱ्या पावसाळ्यात काठी बरोबर कमरेला टेकली. पुढच्या मोजणीच्या रविवारी मी अंगणात आले तर काकूंच्या जागी एक शहाबादी फरशी बसवलेली.

"हे काय, काका?"

"काकूंच्या पायाला चिखल लागतो."

बुडबुडा मध्ये होता. मोहरी पास झाली. दोन महिन्यांनी त्या फरशीवर दुसरी फरशी आली, कारण पहिली म्हणे गार लागत होती. तिसरी आली ती दुसरीला तडा गेला म्हणून. मला तडा काही दिसला नाही. दिवाळीनंतर मोहरी उभी राहायची ती जागा वीतभर खाली गेलेली दिसली. तिथे म्हणे पाण्याचा उतार काढायचा होता. मी बाटलीकडे बघून दरवेळी खरंच सांगत होते. बुडबुडा मध्येच होता. वाकडं जे काही होतं ते सगळं जमिनीवर होतं, आणि जमिनीबद्दल मला कुणी विचारत नव्हतं. फिजिक्सच्या विद्यार्थिनीला हे शोभत नाही हे कळत होतं, पण मोहरी जाऊ नये असं मलाही वाटत होतं.

चौथी फरशी आली त्या रविवारी काकू तिच्यावर चढल्या, पूर्वेकडे बघत कपाळावर हात धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई. इथून तर माझं माहेर दिसाया लागलं."

मोजणी झाली, मोहरी पास झाली, पण काका नेहमीसारखे "पुढचा!" म्हणून ओरडले नाहीत.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल लवकर सुटलं म्हणून मी दुपारीच घरी आले. मागच्या बाजूने येताना पाहिलं तर मोहरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. घराचं जोतं उंच, त्यामुळे ती खिडकी बाहेरून बरीच वर होती. लवंग-वेलचीला तिथवर तोंड पोचवणं या जन्मी शक्य नव्हतं. मोहरीचं नाक गजांतून आत गेलं होतं आणि आतून काकूंचा आवाज येत होता.

"आता शिट्टी व्हईल हां. दचकू नको. झाली बघ. ही दुसरी व्हती. अजून एक हाय, मग संपलं. घे, गाजर घे."

मी खोकले. काकूंनी गाजराचा हात मागे घेतला, मग मला बघून पुन्हा पुढे केला.

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मधी गज हायेत ना," त्या म्हणाल्या. त्यांचा गजांबाहेर आलेला पंजा मोहरी चाटत होती. "अन् ही लय गरीब हाय. मी काय बोलते ते सगळं ऐकते. ह्यांना मात्र सांगू नको. म्हणतील, इतकी वर्षं नाटक केलं का."

"मग अट मोडा ना."

"अट माझी हाय. मी कशी मोडू? त्यांनी म्हणावं ना, की हिला राहू दे. तोंडानं बोलत नायत, फरश्या घालत्यात."

संध्याकाळी काकांनी मला अंगणात गाठलं. ते बादलीवर बसले होते. "ग्रॅज्युएट, फार झालं. तुझ्या काकूला मी शब्द दिला होता आणि तिच्याच पायाखाली फरश्या सरकवत बसलो. चाचांना फोन केलाय. त्यांचा भाचा लग्नाला घोडे पुरवतो. येत्या रविवारी येईल. मोजू, खरं मोजू, आणि देऊन टाकू."

"काका, लग्नात फटाके असतात. बँड असतो."

"माहीत आहे मला."

"एकदा काकूंना विचारून तर बघा."

"विचारलं तर ती माझ्यासाठी हो म्हणेल आणि रोज भीत भीत दार उघडेल. ते नको. आणि तू यात पडू नकोस."

दोघांनीही मला बोलू नको म्हणून सांगितलेलं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पुस्तक उघडलं की समोर मोहरीचे गुडघे दिसायचे.

रविवार आला. नालबंद चाचा आले, त्यांच्याबरोबर भाचा आला. सभ्य, कमी बोलणारा तरुण होता. हातात नवा कोरा दोर. काकांनी पहाटेच चारही फरश्या उपटून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि मोहरीच्या पायाखालचा खड्डा बुजवून ठोकून सपाट केला होता. काकू बाहेर आल्या. आधी त्यांना दोर दिसला, मग भिंतीशी टेकवलेल्या फरश्या. त्या अनवाणी येऊन साध्या मातीवर उभ्या राहिल्या. मोहरी त्यांच्या शेजारी आणली. गज मध्ये नसताना त्या तिच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभ्या होत्या. त्यांचा डावा पाय जरा मागे सरकला, आणि परत पुढे आला.

काकांनी काठी धरली. बुडबुडा थांबेना.

"ग्रॅज्युएट?"

"अजून नाही, काका... आता आहे. मध्ये आहे."

काठीचं टोक काकूंच्या खांद्याला टेकलं होतं. चाचांनी नजर दुसरीकडे वळवली. काकांनी काठी न हलवताच भाच्याला म्हटलं, "घेऊन जा बाबा. फटाक्याच्या जवळ उभी करू नकोस. आणि पाणी बादलीत देत जा, टाकीत ती पीत नाही."

भाचा पुढे आला.

"थांब रे," काकू म्हणाल्या. "ग्रॅज्युएट, काठी कुठं टेकली सांग."

"खांद्याला, काकू."

"खांद्याला? शिकलेली ना तू? नीट बघ." त्यांनी हात उचलला आणि खांद्याजवळ, काठीच्या बरोबर वर, चार बोटं आडवी ठेवली. "ही माझी कंबर हाय."

चाचांच्या तोंडातून निघून गेलं, "भाभी, कमर इतकी वर?"

"माझी हाय ना? मग मला ठाऊक कुठं हाय ती. का तुम्ही मोजलीये?"

चाचा दोन पावलं मागे सरले आणि हसू दाबायला त्यांनी टोपी तोंडावर धरली. काका काठी धरून तसेच उभे होते. ते काकूंच्या बोटांकडे बघत होते, मग मोहरीकडे, मग पुन्हा बोटांकडे. मोहरीने मान वळवून काकूंच्या पदराशी नाक नेलं. काकू मागे सरल्या नाहीत.

"अगं, ती अजून वाढेल," काका अगदी हळू म्हणाले. "चाचा म्हणतात, अजून चार बोटं."

"वाढू द्या. मीबी वाढवीन." आणि मग, पहिल्यांदाच सगळ्यांदेखत, "राहू द्या तिला. मला करमायचं नाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मोजणीचा निकाल जाहीर करायचा त्यांचा रिवाज होता आणि त्यांच्याच्याने ते होत नव्हतं. मी प्रयोगवहीत कधी एक आकडा खोटा लिहिलेला नाही. त्या दिवशी अंगणाच्या मधोमध उभी राहून, दोन साक्षीदारांसमोर, मी मोठ्याने म्हटलं, "काठी कमरेला टेकली. मोहरी पास."

भाच्याने एकदा आपल्या मामांकडे पाहिलं. मग त्याने तो नवा दोर कोपरावर गुंडाळायला घेतला.